पत्रिकावाल्याचं ई-बुक

चौसाळ्यात हायवेच्या कडेला ‘शेटे ग्राफिक्स’ नावाचं दुकान आहे. पाटीवर ग्राफिक्स लिहिलेलं असलं तरी गावात त्याला सगळे ‘पत्रिकावाले शेटे’ म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आसपासच्या गावांत जी लग्नं ठरली, लांबली, मोडून पुन्हा जुळली किंवा मुलगा-मुलगी पळून गेल्यामुळे परस्पर उरकली, त्यांतला शेवटचा प्रकार सोडला तर बहुतेकांच्या पत्रिका संगमेश्वर शेटेच्या हाताखालून गेल्या आहेत.

संगमेश्वरचा लौकिक एकाच गोष्टीसाठी होता. त्याच्या पत्रिकेत कुणाचं नाव राहत नसे.

आमच्या भागातली लग्नपत्रिका ज्यानं नीट वाचली असेल त्याला ठाऊक असेल की तिच्यात नवरा-नवरीला जागा थोडीच लागते. बाकीची सगळी जागा माणसांना लागते. प्रेषक वेगळे, निमंत्रक वेगळे, स्वागतोत्सुक वेगळे, व्यवस्थापक वेगळे. शिवाय खाली कोपऱ्यात ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असं म्हणणारी चिल्लीपिल्ली. त्यांतली काही तर अजून बोलायलाही लागलेली नसतात. कुणाचं नाव कुणाच्या वर घ्यायचं यावर घरोघरी बैठका होतात आणि पत्रिका मशीनवर चढल्यावरही कुणीतरी धापा टाकत येऊन सांगतं, “शेटे, थांबा, धाकटे साडू राहिले!” संगमेश्वर मशीन थांबवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि धाकट्या साडूंना बसवून घ्यायचा. जागा कशी काढायची हे त्याला बरोबर माहीत होतं. अक्षर एका घरानं लहान केलं की एक साडू सहज मावतो.

हे कसब त्याच्या अंगी काही उगाच आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या धाकट्या भावाच्या लग्नात त्यानं थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, म्हणजे उमापूरच्या सुंदररावांचं नाव ‘निमंत्रक’ऐवजी ‘स्वागतोत्सुक’मध्ये टाकलं होतं. सुंदररावांनी कुणाचंही स्वागत केलं नाही. मांडवातली एक खुर्ची उचलली, हायवे ओलांडला, पलीकडच्या कडेला खुर्ची मांडली आणि तिथून लग्न पाहिलं. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. जेवणाचं ताट दोन ट्रकांच्या मधून पळवत न्यावं लागलं. तेव्हापासून संगमेश्वर नावांना जपत आला.

मग पत्रिकांचे दिवस उतरणीला लागले. लोक फोनवर व्हिडिओ पाठवायला लागले. त्यात गुलाब पडतात, सनई वाजते आणि नवरा-नवरी फुग्यातून बाहेर येतात. दुकानात वेळ उरायला लागला. त्या वेळात संगमेश्वरनं लिहायला सुरुवात केली. इतकी वर्षं त्यानं पत्रिकेत जे छापलं ते सगळ्यांना माहीत होतं. जे छापलं नव्हतं ते त्यालाच माहीत होतं. एका मांडवाची सुपारी घेऊन दुसऱ्याच मांडवात तासभर वाजवून आलेले बँडवाले. विहिणीनं मोजून घेतलेली लाडवांची टोपली. ऐन वेळी फेटा सापडेना म्हणून डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलवर बोहल्यावर चढलेला नवरा. अशा अकरा गोष्टी झाल्या. त्यानं नाव दिलं, ‘पत्रिकेत न छापलेलं’.

गोष्टींच्या प्रती काढून त्यानं नातेवाइकांना वाचायला दिल्या. सगळ्यांनी वा म्हटलं. सुंदररावांनी तर पाकीट उघडायच्या आधीच वा म्हटलं.

“सगळ्यांना आवडलं,” तो बायकोला म्हणाला.

शिवकांता ज्वारी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “वळखीच्या माणसानं वा म्हणलं त्यात काय हाय? मी केलेल्या भाजीला पाव्हणे वाईट म्हणतेत का? आजवर तुमी जे छापलं ते समदं वळखीच्यांच्याच घरी गेलं. एकांद्या परक्यानं वाचून वा म्हणलं तर मी मानीन.”

हे वाक्य संगमेश्वरच्या डोक्यात बसलं ते उठेना. खरंच होतं. पत्रिका ओळखीच्या घरीच जाते. फ्लेक्सवरचे चेहरेसुद्धा गावचेच. त्याला आता एकच गोष्ट हवी झाली: एक अनोळखी वाचक. ज्याला शेटे कोण ते ठाऊक नाही, चौसाळा कुठं ते ठाऊक नाही, आणि ज्यानं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आहे. एक मिळाला तरी पुरे.

छापील पुस्तक काढणं त्याला अवघड नव्हतं, पण ते पुन्हा पाहुण्यांतच वाटलं गेलं असतं. पुण्याला नोकरी करणारी त्याची मुलगी ईश्वरी म्हणाली, “अप्पा, ई-बुक काढा ना. ऑनलाइन दुकानात आपलं आपल्यालाच टाकता येतं. जगात कुणीबी उघडून वाचंल.”

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली.

पहिल्याच रविवारी ठेच लागली. गोष्टी संगमेश्वरनं त्याच्या जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केल्या होत्या. फाइल चढवून पाहिली तर ‘बँडवाले’ या पहिल्या गोष्टीच्या जागी कंस, टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं यांची वरात निघालेली.

शेजारचा पाशा मोसंबीची पाटी खाली ठेवून स्क्रीनमध्ये डोकावला. पाशाचा फळांचा गाडा दुकानाला लागूनच होता आणि दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. “ही कोणती भाषा बे, संग्या?”

“मराठीच हाय.”

“असंल. पण लई दूरची दिसतीय.”

जुना मजकूर नव्या फाँटमध्ये बदलून देणारी साधनं होती, पण त्यांनी जोडाक्षरांचे असे हातपाय मोडले की संगमेश्वरनं सगळं पुस्तक नव्यानं टाइप करायचं ठरवलं. नवा कीबोर्ड वेगळा. बोटं जुन्या सवयीनं जुन्याच जागी पडायची आणि ‘नवरदेव’ लिहायला गेलं की भलताच कुणीतरी घोड्यावर बसायचा. पण दुसऱ्यांदा टाइप करताना एक झालं. ज्या ओळी पुन्हा टाइप करायचा कंटाळा येई, त्या मुळात नकोच होत्या हे त्याला कळायला लागलं. पुस्तक चांगलं बारीक झालं.

मग मांडणी आली.

“अप्पा, गोष्टीच्या नावाआधी एवढी मोकळी जागा कशानं सोडली?”

“स्पेसबारनं. मधोमध आलं न्हाई का?”

“तुमच्या स्क्रीनवर आलं. माझ्या फोनवर अर्धं नाव इकडं अन् अर्धं खालच्या वळीत पडलंय. स्पेसबार दाबायचा न्हाई. त्याला शीर्षक म्हणून खूण करायची, मग ते आपोआप मधे जातं अन् अनुक्रमणिकेतबी येतं.”

“बरं. अन् अनुक्रमणिकेत पान नंबर कोणते टाकू?”

“पान नंबर नसतात.”

“पानाची रुंदी तरी सांग मग.”

“पानच नसतं, अप्पा.”

संगमेश्वरनं चष्मा काढला. “पान न्हाई तर पुस्तक कशाचं?”

“वाचणाऱ्याच्या हातात जे असंल ते पान. फोन असंल तर फोनएवढं, टॅब असंल तर टॅबएवढं. त्यानं अक्षर मोठं केलं की तुमच्या वळी खाली सरकणार.”

सगळा जन्म संगमेश्वरनं पट्टी लावून, समास आखून, एकेक नाव जागेवर बसवण्यात घालवला होता. “म्हंजे पंगतीतल्या वरणासारखं म्हण की,” तो शेवटी म्हणाला. “पात्र असंल तसं पसरायचं.”

“हां, वरणच म्हणा,” ईश्वरी म्हणाली.

मुखपृष्ठ त्यानं मोठ्या हौसेनं केलं. सोनेरी वेलबुट्टी, दोन कलश, दोन नारळ आणि मधे गणपती. ईश्वरीनं पाहून सांगितलं की ऑनलाइन दुकानात हे चित्र नखाएवढं दिसणार आणि नखाएवढ्या जागेत दोन नारळ म्हणजे दोन ठिपके. तेव्हा त्यानं सगळं पुसलं आणि मांडवाच्या लाल खुर्चीचा एक फोटो टाकला. एकच खुर्ची, रस्त्याच्या कडेला. ते चित्र मात्र नखाएवढं होऊनही उठून दिसलं.

सगळं झालं. उद्या पुस्तक चढवायचं, आणि आदल्या दुपारी संगमेश्वरच्या मनात आलं, नावं कुठं आहेत?

पुस्तक उघडल्याबरोबर एकदम बँडवाला. असं कसं चालेल? माणसं काय म्हणतील? सुंदरराव काय म्हणतील? त्यानं ईश्वरीला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच त्याला वाटलं नाही. तो बसला आणि ज्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं ते काम त्यानं मनापासून केलं. वर ‘श्री मन्मथस्वामी प्रसन्न’. मग ‘आशीर्वाद’ म्हणून लिंगैक्य झालेल्या वडिलांचं, धोंडप्पांचं, आणि त्यांच्या वरच्या तीन पिढ्यांचं नाव. मग ‘शुभेच्छुक’ मथळ्याखाली सगळ्यांत वर उमापूरचे सुंदरराव, खाली वयाच्या क्रमानं आते, मामे, मावस, चुलत, व्याही आणि साडू. मग ‘विशेष सहकार्य’ म्हणून पाशाभाई फ्रूटवाले. आणि अगदी शेवटी किलबिल, ‘आमच्या आजोबांचं पुस्तक वाचायचं हं’. तिच्यात पाशाची नात जोयासुद्धा. प्रत्येक नाव एका ओळीवर, ऐसपैस. पान नव्हतंच, तेव्हा जागेची काळजी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अक्षर लहान करावं लागलं नाही.

पुस्तक ऑनलाइन दुकानात लागलं आणि सगळ्या सोयऱ्यांत आनंदीआनंद झाला. ज्यानं त्यानं आपल्या नावाचा फोटो काढून आपापल्या ग्रुपवर टाकला. सुंदररावांनी उमापूरच्या पारावर फोन हातोहात फिरवला. अक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा फोन आला, “संगू, दाजी लई खूश हायेत रे. सकाळपासून तिसऱ्यांदा फेटा बांधलाय.”

संगमेश्वर वाट पाहत बसला. ऑनलाइन दुकानाच्या खात्यात एक आलेख दिसायचा. पुस्तक कुणी घेतलं की रेघ वर जाते, असं ईश्वरीनं सांगितलं होतं. रेघ चौसाळ्याच्या हायवेसारखी सरळ पडून होती. दिवाळी गेली. तुळशीची लग्नं झाली, माणसांची सुरू झाली. रेघ हलेना.

आणि एक दिवस पुस्तकाखाली अभिप्राय आला. नाव पूर्ण अनोळखी! संगमेश्वरनं शिवकांताला हाक मारली, पाशाला हाक मारली, चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं:

“एक तारा. फुकटातला भाग वाचला. नावं भरपूर आहेत, पण लग्न कधी आणि कुठे आहे ते दिलेलं नाही.”

पाशा म्हणाला, “बरोबर हाय बे. तारीख पाहिजेच.”

ईश्वरीला फोन लावला. तिनं पुस्तक उघडलं, आणि मग फोनमध्ये फक्त तिच्या खोलीचं छत आणि पंखा दिसायला लागला. ती हसून हसून खाली बसली होती. बऱ्याच वेळानं तिला बोलता आलं. “अप्पा, दुकान पुस्तकाचा सुरुवातीचा थोडा भाग फुकट वाचायला देतं. दहावा हिस्सा धरा. तेवढा आवडला तर माणूस पुस्तक घेतो. तुमचं पुस्तक लहान. त्या दहाव्या हिश्श्यात मन्मथस्वामींपासून जोयापर्यंत सगळे येऊन गेले, अन् गोष्टीची पहिली वळ यायच्या आत दार बंद! अनोळखी माणसाला पुस्तकाचा ‘पु’बी दिसला न्हाई.”

“पण आपल्या लोकांनी तरी वाचलं असंल की पुढं.”

“त्यांना विचारा.”

समोर पाशा होता. संगमेश्वरनं त्यालाच विचारलं, “तू वाचलं का बे पुस्तक?”

“वाचलं की.”

“काय आवडलं?”

“माझं नाव. ‘विशेष सहकार्य’ लई भारी दिसतंय.”

“अन् पुढं?”

“पुढं जोयाचं नाव.”

“त्याच्या पुढं?”

“त्याच्या पुढं कावून जाऊ?” पाशानं मोसंबं सोलत विचारलं. “आमच्या घरचे संपले ना तितं.”

संगमेश्वरला एकदम सगळ्या पत्रिका आठवल्या. त्यानं तीस वर्षं पाहिलं होतं: माणूस पत्रिका हातात घेतो, बोट फिरवत फिरवत आपल्या नावावर येतो, थांबतो आणि पत्रिका टीव्हीवर ठेवून देतो. ओळखीच्याला त्याच्या नावापुढं वाचायचं नसतं आणि अनोळखी माणसाला नावं वाचायची नसतात. त्यानं दोघांचीही सोय अगदी पद्धतशीर मोडून ठेवली होती.

“नावं काढावी लागतील,” तो संध्याकाळी म्हणाला.

“काढा,” शिवकांता म्हणाली, “अन् दाजींना एक खुर्ची तयार ठेवा.”

दोन दिवस संगमेश्वरनं फाइल उघडली आणि मिटली. सुंदरराव एकदा हायवे ओलांडून बसले होते. आता तर उमापूर होतं, तिथं ताट पोचवायला ट्रकांच्या मधून पळून भागलं नसतं. पण तो एक तारा डोळ्यांपुढून हलेना. अनोळखी माणूस दारापर्यंत आला होता आणि आपण त्याला सगळ्या सोयऱ्यांच्या गर्दीत उभं करून परत पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळी नावं निवडली, उचलली आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी नेऊन ठेवली. एकही गाळलं नाही, एकाचाही क्रम बदलला नाही. सुरुवातीला आता एकदम बँडवाला होता. नवी फाइल चढवली आणि तो दुकान बंद करून घरी गेला.

आठवडा गेला नसेल. बीडहून आलेल्या एसटीतून सुंदरराव उतरले. फेटा होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ते सरळ दुकानात आले.

“माझं नाव कुटं गेलं, संगमेश्वर?”

“दाजी, बसा तरी. पाणी—”

“पाणी मागून. सरपंचाला दाखवायला पुस्तक उघडलं, तर तितं एक बँडवाला ढोल बडवतोय. मी कुटं हाय?”

“हायेत तुमी दाजी. सगळ्यांत वर हायेत. फकस्त आता शेवटी.”

“शेवटी?” सुंदररावांनी हा शब्द असा उच्चारला की गाड्यावरचा पाशा हातातलं मोसंबं खाली ठेवून नीट ऐकायला लागला. “म्हंजे आमाला शेवटच्या पंगतीला बसवलं व्हय?”

संगमेश्वरची नजर आपोआप दुकानातल्या खुर्चीकडे गेली. तेवढ्यात मागच्या दारानं शिवकांता चहा घेऊन आली. तिनं पदर नीट केला, कप ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “दाजी, शेवटच्या पंगतीला कोण बसतं? घरचे. पयले पाव्हणे जेवतेत, घरचे वाढतेत. पाव्हण्यांच्या आधी घरच्यांनीच पात्रं धरली तर लोक काय म्हणतील?”

“जावई कवापासून घरचा झाला?”

“ज्या दिशी तुमी निमंत्रकात नाव मागितलं, त्या दिशी. आवतन देणारा पयल्या पंगतीला बसत न्हाई, दाजी.”

सुंदररावांनी कप उचलला. या बोलण्यात कुठंतरी फट असणार हे त्यांना जाणवत होतं, पण चहा संपेपर्यंत ती सापडली नाही. “बरं,” ते म्हणाले. “दाखव मग. कुटं हाय शेवट?”

संगमेश्वरनं त्यांच्या फोनवर पुस्तक घेऊन दिलं, अक्षर चांगलं मोठं करून दिलं आणि बोट कसं सरकवायचं ते दाखवलं. अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं की एकदम शेवटी जाता येतं, हे सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. निदान नंतर शिवकांताला त्यानं तसं सांगितलं.

सुंदरराव बाकावर बसले आणि पानं सरकवायला लागले. अक्षर मोठं म्हणून पानं पुष्कळ. सरकवता सरकवता नजर पडतेच. बँडवाल्यांपाशी त्यांचं बोट जरा रेंगाळलं. लाडवांच्या टोपलीपाशी ते पूर्ण थांबले. थोड्या वेळानं त्यांच्या फेट्याचा तुरा हलायला लागला. “टॉवेलवर!” ते स्वतःशीच म्हणाले. “टॉवेलवर चढला गडी बोहल्यावर!”

संगमेश्वरला बरं वाटत होतं, तोच त्याला आठवलं, सातवी गोष्ट. सातव्या गोष्टीचं नाव होतं ‘खुर्ची’. तिच्यात एक दाजी होते, पत्रिकेतल्या नावावरून रुसले होते आणि हायवे ओलांडून बसले होते. त्यानं गावाचं नाव काढलं होतं, फेट्याच्या जागी टोपी घातली होती. पण ट्रकांच्या मधून पळणारं ताट तसंच ठेवलं होतं, कारण ते सोडवत नव्हतं.

“दाजी, जेवायला चला की घरी,” तो घाईनं म्हणाला.

“थांब जरा.” सुंदररावांनी हात वर केला. ते वाचत होते. कपाळाला आठी पडली. आठी गेली. पुन्हा पडली. पाशानं गाडा सोडला आणि तो दुकानाच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

“हा कोण माणूस हाय रे?” सुंदररावांनी विचारलं.

“कल्पनेतला हाय, दाजी.”

“न्हाई, न्हाई. आमाला फसवतो का? मी वळखला बरोबर.” त्यांनी आवाज खाली आणला. “लिंबागणेशचे तुमचे मावसदाजी. बरोबर ना? त्यांचा स्वभावच तसला हाय. एवढ्यातेवढ्यावरून रुसायचं! भर हायवेवर खुर्ची! माणसाला काही अक्कल?”

पाशाला जोरात ठसका लागला. शिवकांता रिकामे कप घेऊन लगबगीनं आत गेली आणि तिथून बराच वेळ बाहेर आली नाही.

“त्यांना सांगू नका, दाजी,” संगमेश्वर म्हणाला.

“मी कशाला सांगतो? दुखवायचं कशाला कुणाला?”

बाकीच्या गोष्टी वाचून सुंदरराव शेवटी आपल्या नावापाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी नाव पाहिलं. मग फोन पुढं केला. “हे आणखी मोठं करता येतं का?” संगमेश्वरनं दोन बोटं फाकवली. सगळ्या पडद्यावर फक्त ‘सुंदरराव’ उरलं. कुठल्याच पत्रिकेत त्याला हे करता आलं नव्हतं. सुंदरराव त्या दिवशी जेवून, मुक्काम करून, सकाळच्या गाडीनं गेले.

दाजींची प्रत सोडली तर रेघ पहिल्यांदा पुढच्या महिन्यात हलली. एकदा, मग आणखी एकदा. ती खरेदी ओळखीच्यांची नव्हती, कारण ओळखीच्यांना आपलं नाव कुठं गेलं ते सुंदररावांनी आधीच समजावून सांगितलं होतं आणि पंगतीचा दाखला त्यांना पटला होता. नाव शोधायला पुस्तक घ्यायची कुणाला गरज उरली नव्हती.

मग एका सकाळी दुसरा अभिप्राय आला. वडोदऱ्याच्या कुणी बाई. संगमेश्वरनं या वेळी कुणाला हाक मारली नाही. आधी एकट्यानं वाचला. मग उठून आत गेला आणि शिवकांतासमोर फोन धरला.

“माझं माहेर मराठी, पण आता इकडे लग्नाच्या पंगतीत मराठी कानावर पडत नाही. हे पुस्तक वाचून लग्न जेवून आल्यासारखं वाटलं. ‘खुर्ची’ घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटची नावंही वाचली, एकही सोडलं नाही. शुभेच्छुकांत सगळ्यांत वर सुंदरराव आहेत. मला वाटतं, ते खुर्चीवाले दाजी हेच असणार. त्यांना माझा नमस्कार सांगा.”

शिवकांतानं दोनदा वाचलं. “मानलं,” ती म्हणाली. आणि लगेच, “दाजींना दिसंल का हो हे?”

संगमेश्वरचा आनंद अर्ध्यावर थांबला. अभिप्राय पुसता येतो का ते त्यानं शोधलं. पुसता येत नव्हता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो अनोळखी वाचक आला होता, शेवटच्या नावापर्यंत वाचून गेला होता आणि जाता जाता सगळ्या जगासमोर नेमकं बोट ठेवून गेला होता.

तेवढ्यात फोन वाजला. उमापूर.

“संगमेश्वर, तुझी अक्का म्हणती पुस्तकाखाली कुणी काही लिहिलंय. आमाला उघडता येईना. काय लिहिलंय?”

संगमेश्वरनं शिवकांताकडे पाहिलं. तिनं ज्वारीच्या सुपात मान घातली.

“वडोदऱ्याच्या बाई हायेत, दाजी. पार शेवटपत्तर वाचलं म्हणतेत.”

“शेवटपत्तर म्हंजे? नावंबी?”

“समदी. तुमचं नाव तर ध्यानात राहिलंय त्यांच्या. तुमाला नमस्कार सांगितलाय.”

पलीकडे सुंदररावांनी अक्काला जवळ बोलावल्याचं ऐकू आलं.

“वडोदऱ्याहून?”

“वडोदऱ्याहून.”

सुंदररावांनी घसा साफ केला. “मग ऐक. दुसरं पुस्तक काढशील तवा आमाला पुढं घ्यायची काही गरज न्हाई. आमी शेवटीच बसू. लोक येतेत तितपत्तर.”